कम्युनिटी आणि वर्किंग ग्रुप: एकाचे नियम दुसऱ्याला लावले की काय होतं

विद्यापीठांतल्या एंटरप्राइझ आर्किटेक्टना (संस्थेतल्या सगळ्या सिस्टिम एकमेकींशी जुळतील अशी आखणी करणाऱ्यांना) एकत्र आणून अनुभव वाटून घेण्यासाठी कम्युनिटी सुरू केली की लवकरच कुणीतरी विचारतं, "यातून हाती काय लागणार?" संयोजक ओशाळतो आणि एखादं डॉक्युमेंट कबूल करून बसतो. तारीख ठरते, कामं वाटली जातात, आणि पुढच्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत. ठरलेल्या तारखेला काहीतरी तयार करून द्यायचं, हे वर्किंग ग्रुपचं काम. ते कम्युनिटीच्या गळ्यात मारलं की दोन्हींचं घोडं पेंड खातं.

दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, हे मान्य. तीच माणसं, तोच व्हिडिओ कॉल, महिन्यातली तीच वेळ. अमेरिकेतली ईटाना, ब्रिटनमधली यूसिसा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली कॉडिट, युरोपातली युनिस अशा संस्थांच्या छत्राखाली या क्षेत्रातले आर्किटेक्ट जमतात, आणि गप्पा व कामं दोन्ही तिथेच होतात. त्यामुळे गल्लत होते.

कम्युनिटी मुळात लागते कशाला? मोठ्या बँकेत आर्किटेक्टची अख्खी टीम असते. विद्यापीठात बहुधा एखादाच, फार तर दोघं-तिघं. त्यात प्रत्येक विभागाचं बजेट वेगळं आणि संशोधनाच्या निधीतून परस्पर घेतलेलं सॉफ्टवेअर वेगळं. 'हे घेऊ नका' म्हणायचा अधिकार आर्किटेक्टकडे क्वचितच असतो. त्याने समजावत राहायचं. हे दुखणं स्वतःच्या ऑफिसात सांगून कळत नाही, दुसऱ्या विद्यापीठातल्या त्याच खुर्चीवरच्या माणसाला अर्ध्या वाक्यात कळतं.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस'ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा भर यावर होता की नवखा माणूस आधी कडेकडेने वावरतो, बघतो, छोटी कामं उचलतो आणि हळूहळू आत सरकतो. म्हणून कम्युनिटीत वर्षभर गप्प बसून ऐकणारा सदस्य चालतो. चालतो काय, तसे बरेच असायलाच हवेत. वर्किंग ग्रुपमध्ये मात्र लागोपाठ दोन बैठका न बोललेला माणूस सगळ्यांना ओझं होतो. हजेरीचा तक्ता ग्रुपसाठी ठेवावा. कम्युनिटीत तो ठेवला की लोक गळायला लागतात.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो एखाद्या व्याख्येवर अडल्यावर. 'विद्यार्थी' घ्या. प्रवेशाचा अर्ज भरलेला उमेदवार विद्यार्थी आहे का? पीएचडी करणारा? नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारे बरेच जण विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात, ब्रिटनमध्ये ते सहसा विद्यार्थी म्हणून नोंदले जातात. एकच व्यक्ती सकाळी प्रॅक्टिकल घेते, दुपारी लेक्चरला बसते, आणि तिची नोंद मनुष्यबळ विभागाच्या सिस्टिममध्येही असते नि विद्यार्थी विभागाच्याही. कम्युनिटीत या विषयावर तासभर चर्चा रंगते आणि निर्णय होत नाही. तो व्हायची गरजही नसते. प्रत्येक जण चार निरनिराळ्या पद्धती ऐकून घरी जातो आणि आपल्या आयडेंटिटी मॅनेजमेंटमधली (कोण कोण आहे आणि कुणाला कुठल्या सिस्टिममध्ये प्रवेश, या व्यवस्थेतली) फट बुजवतो.

वर्किंग ग्रुपला ही चैन परवडत नाही. त्याला डेटा मॉडेल (कोणती माहिती कशी नोंदायची आणि तिचं एकमेकांशी नातं काय, याचा चौकटी-चौकटींचा आराखडा) प्रसिद्ध करायचं असतं, म्हणजे चौकटीत काहीतरी लिहावंच लागतं: 'व्यक्ती' ही एक गोष्ट, 'विद्यार्थी' ही त्या व्यक्तीची एक भूमिका, अर्जदार ही दुसरी. कुणाचं तरी म्हणणं बाजूला पडतं. कॉडिटची संदर्भ मॉडेलं (विद्यापीठांनी नमुना म्हणून वापरायचे आराखडे), यूसिसाचं कपॅबिलिटी मॉडेल (विद्यापीठाला काय काय करता यावं लागतं याची मांडणी), नेदरलँड्समधलं होरा हे उच्च शिक्षणाचं संदर्भ मॉडेल (पहिली आवृत्ती २०१३) ही अशा मेहनतीची फळं आहेत. अशा कामाला सात-आठ जण पुरतात. चाळीस जण बसवले तर प्रत्येक चौकटीला पोटचौकट फुटते.

बोलण्याचे नियमही उलटे. कम्युनिटीत चॅटहॅम हाउस नियम लावावा: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेतला होता ते उघड करू नका. 'आमचं नवं विद्यार्थी-सिस्टिमचं प्रोजेक्ट का रखडलं' हे माणूस एरवी सांगणार नाही, आणि ऐकण्यासारखं नेमकं तेच असतं. ग्रुपमध्ये याउलट सगळं लिहून ठेवायचं, कोणता निर्णय कोणत्या कारणाने झाला ते नावानिशी. नाहीतर वर्षभराने नवीन माणूस येऊन तोच वाद पहिल्यापासून उकरतो. व्हेंडरच्या बाबतीत मी कडक आहे: ग्रुपला तांत्रिक माहिती हवी असेल तर त्यांना एका बैठकीपुरतं बोलवावं, कम्युनिटीच्या नेहमीच्या गप्पांत बसवू नये. समोर विक्रेता असला की त्याच्याच सॉफ्टवेअरबद्दल कोण खरं बोलणार?

मग दोन्हींचं नातं कसं ठेवायचं? तोच प्रश्न कम्युनिटीत तिसऱ्यांदा आला आणि कुणीतरी "हे एकदा लिहूनच काढू या" म्हणालं, की ग्रुप काढावा. आधी नाही. त्याला एक पानाचं कार्यपत्र द्यावं: काय द्यायचं, कधी, आणि कधी विसर्जित व्हायचं. विसर्जनाची तारीख लोक टाळतात, पण ती नसेल तर ग्रुप हळूहळू दुसरी कम्युनिटी होऊन बसतो आणि मूळची ओस पडते. तयार झालेलं मॉडेल पुढे सांभाळायला मात्र माणूस नाही, संस्था लागते. नोकरी बदलली की माणसाबरोबर फाइलचा पासवर्डही जातो. होराच्या मागे सर्फ ही डच शिक्षण-संशोधन क्षेत्राची सहकारी संस्था उभी आहे. एवढी मोठी संस्था पाठीशी नसेल, तर निदान मॉडेलची पुढची आवृत्ती कोण काढणार हे ग्रुपच्या शेवटच्या बैठकीत, सगळे हजर असताना ठरवून घ्यावं.