सोलर पॅनेलची ‘३३ टक्क्यांची भिंत’ नेमकी कुणासाठी?

“सोलर सेल ३३ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, भौतिकशास्त्रानेच सिद्ध केलंय,” हे वर्षानुवर्षं फिरतंय; म्हणजे सेलवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेपैकी ३३ टक्क्यांहून जास्त ऊर्जेची वीज होऊ शकत नाही. ते अर्धसत्य आहे. शॉकली आणि क्वाइसर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडलेली मर्यादा एकाच जोडाच्या, म्हणजे प्रकाश टिपणारा एकच पदार्थ असलेल्या सेलसाठी आहे. नेहमीच्या पॅनेलमधल्या सिलिकॉनसाठी ती प्रत्यक्षात २९ टक्क्यांच्या आसपास येते.

सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एक सूक्ष्म एकक) पुरतात. निळ्या प्रकाशाचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, जवळपास २.७ घेऊन येतो. वरची सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यावर उपाय म्हणजे दोन थरांचा टँडेम सेल: त्यात सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या प्रकाश टिपणाऱ्या स्फटिकी पदार्थाचा जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा थर असतो. तो निळा-हिरवा प्रकाश जास्त व्होल्टेजला टिपतो आणि अवरक्त प्रकाश खाली सोडतो. अशा जोडीची सैद्धांतिक मर्यादा ४५ टक्क्यांच्या घरात आहे. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठलेसुद्धा, पण प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलवर. तोच आकडा छतावरच्या पॅनेलचा म्हणून सांगणं चूकच.

खरी अडचण आहे टिकाऊपणाची. ओलावा आणि उष्णता पेरोव्हस्काइटला सोसत नाहीत; प्रकाशात त्यातले ब्रोमाइड-आयोडाइड हे घटक एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात. म्हणून पेरोव्हस्काइटमधल्या नाजूक मिथाइलअमोनियम या घटकाऐवजी जास्त टिकणारे सिझियम आणि फॉर्मामिडिनियम वापरतात, पृष्ठभागावरचे दोष झाकतात, दोन काचांमध्ये सेल सीलबंद करतात. ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास ही टिकाऊपणाची नेहमीची चाचणी आहे. सिलिकॉनसारखी २५ वर्षं उन्हापावसात काढून दाखवणं मात्र अजून बाकी आहे. त्यामुळे आज छतावर पॅनेल बसवायचं असेल, तर टँडेमसाठी थांबू नका.