प्रचारात्मक एसएमएसची वेळनिश्चिती

प्रचारात्मक एसएमएसची वेळनिश्चिती : सवलत, विक्री किंवा नव्या मालाची खबर देणारे लघुसंदेश ग्राहकाच्या मोबाइलवर कोणत्या वारी व किती वाजता पोहोचावेत हे ठरवण्याची विपणनातील पद्धती.

तिचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते : दूरध्वनीवरील विक्री आणि ईमेल. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून गेला. वेळेच्या बंधनाची कल्पना मात्र त्याआधीची. अमेरिकेत १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्याखालील नियमांनी विक्रीच्या फोनला सकाळी ८ ते रात्री ९ एवढीच मुभा दिली, तीही फोन घेणाऱ्याच्या स्थानिक वेळेने. २००३ मध्ये तेथील संघीय दूरसंचार आयोगाने ‘कॉल’ या संज्ञेत लघुसंदेशही धरले. भारतात २०१० च्या विनियमांनी रात्री ९ ते सकाळी ९ या काळात व्यापारी संदेशांना मनाई केली. २०१८ च्या विनियमांत वार व वेळेचे पट्टे ग्राहकाने स्वतः निवडण्याची तरतूद आली. ईमेलकडून आले ते ‘सर्वोत्तम तासां’चे तक्ते. पण ईमेल उघडल्याची वेळ त्यात दडवलेल्या सूक्ष्म चित्रावरून टिपता येते, तशी सोय साध्या एसएमएसमध्ये नाही. म्हणून दूरध्वनीचा वारसा अधिक ग्राह्य वाटतो.

पाठवण्याची वेळ व पोहोचण्याची वेळ एक नव्हे. संदेश आधी लघुसंदेश केंद्रात साठतो, मग पुढे जातो. फोन बंद असेल तर तेथेच थांबतो. किती काळ थांबावे हे संदेशाच्या वैधता-मुदतीवर अवलंबून असते. एसएमएसच्या तांत्रिक मानकातील सापेक्ष पद्धतीने, म्हणजे संदेश केंद्रात पोहोचल्यापासून मोजून, ती ५ मिनिटांपासून ६३ आठवड्यांपर्यंत ठेवता येते. दोन तासांच्या सवलतीला लांब मुदत राहिली, तर संपलेल्या विक्रीचे आमंत्रण दुसऱ्या दिवशी हाती पडते. लिपीचाही येथे संबंध येतो. एका संदेशात १४० ऑक्टेट (आठ बिटांचे एकक) मावतात, म्हणजे रोमन लिपीत १६० वर्णचिन्हे, पण देवनागरीत ७०, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. मजकूर वाढला की संदेशाचे भाग पडतात, प्रत्येक भागात ६७ च चिन्हे उरतात आणि मोठ्या यादीची रांग लांबते. दुपारी १२ चा संदेश शेवटच्या ग्राहकाला १२ लाच मिळेल असे म्हणूनच धरता येत नाही.

प्रचलित तक्त्यांत दुपारचा व सायंकाळचा पुरस्कार आढळतो. त्यामागील आकडे जपून वाचावेत : ज्या तासाला अधिक संदेश सोडले जातात, त्या तासाच्या खाती अधिक क्लिकही जमतात. पोच-अहवालाने संदेश फोनने स्वीकारल्याचे कळते, वाचल्याचे नव्हे. यादीचे यादृच्छिक गट पाडून, तोच मजकूर वेगवेगळ्या तासांना पाठवून खरेदीची तुलना करणे हीच त्यातल्या त्यात भरवशाची रीत होय.

उपाहारगृहांनी जेवणाच्या तास-दोन तास आधी, तर कार्यक्रमाच्या आयोजकांनी आदल्या दिवशी संदेश पाठवणे रूढ आहे. एकवेळचे पासवर्ड व बँकेचे व्यवहार-संदेश घटना घडताच जातात. ते या पद्धतीच्या कक्षेत येत नाहीत.