ओझे इलेक्ट्रॉन आणि ऑक्साइडचे स्फटिक

नावापासूनच सुरुवात करू. पिएर ओझे हा फ्रेंच शास्त्रज्ञ. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे त्याचा कुणी 'ऑजर' करतं, कुणी 'ऑगर'. मूळ उच्चार मराठी माणसाला सोपा आहे, फक्त त्याचा डोक्यावरच्या ओझ्याशी संबंध नाही.

अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला की तिथे जागा रिकामी होते. बाहेरच्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन ती भरतो. त्यात सुटलेली ऊर्जा कधी क्ष-किरण होऊन जाते, तर कधी तिसऱ्याच इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो अणूबाहेर पडतो. हाच ओझे इलेक्ट्रॉन. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये बीटा किरणांचा अभ्यास करताना लिझे माइटनर यांनी हे लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ओझेला मेघकोठीत (कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या दाखवणाऱ्या पेटीत) एकाच बिंदूतून निघालेले इलेक्ट्रॉनांचे दोन माग दिसले. क्ष-किरणांची ऊर्जा वाढवली की एक माग लांबायचा, दुसरा मात्र होता तेवढाच राहायचा. नाव ओझेचं झालं. श्रेय दुसऱ्याला जाणं माइटनर यांच्या वाट्याला पुढेही आलं.

तो न बदलणारा माग म्हणजे अणूची ओळखखूणच, कारण त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा फक्त अणूवर ठरते. तरी तिचा उपयोग सुचायला तीस वर्षं गेली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या लँडर यांनी पृष्ठभाग तपासायला हे इलेक्ट्रॉन वापरता येतील असं दाखवलं. ते येतात वरच्या मोजक्या थरांतूनच, कारण खोलवरचे वाटेतच ऊर्जा गमावतात. अडचण अशी, की कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले याच्या आलेखावर त्यांची जी शिखरं उमटतात, ती इतर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत बुडून जायची. १९६०च्या दशकाच्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमधल्या हॅरिस यांनी आलेखाच्या वक्राऐवजी त्याचं विकलन (म्हणजे त्याचा चढउतार किती वेगाने होतो ते) नोंदवलं आणि शिखरं ठळक झाली. १९६९ मध्ये दंडगोल आरसा विश्लेषक हे इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार निवडणारं उपकरण आलं नि काम झपाट्याने व्हायला लागलं.

धातूंवर हे तंत्र छान चाललं. ऑक्साइडवरही एक फायदा होता: धातूचं ऑक्साइड झालं की शिखर सरकतं. ॲल्युमिनियमचं ६८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं एकक) आसपासचं शिखर ऑक्साइडमध्ये पन्नाशीच्या घरात उतरतं. पण मॅग्नेशिया किंवा ॲल्युमिना (मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं) यांचा स्फटिक वीजरोधक. मोजणीसाठी सोडलेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की त्यावर विद्युतभार साचतो आणि शिखरं भलत्याच जागी दिसतात. म्हणून पुढे अनेकांनी धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा वाढवून काम भागवलं.

टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट याहून रंगतदार. झोताखाली त्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. का, ते १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या नोटेक आणि फायबेलमन यांनी मांडलं. इथल्या टायटॅनियमने बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकलेले असतात. त्याच्या ३पी या आतल्या कवचात जागा रिकामी झाली की ती भरायला शेजारच्या ऑक्सिजनचेच इलेक्ट्रॉन लागतात. ओझे प्रक्रियेत दोन-तीन इलेक्ट्रॉन गेले की ऋणभारित ऑक्सिजन धनभारित होतो, आणि आजवर त्याला धरून ठेवणारे धन टायटॅनियम आयनच त्याला बाहेर ढकलतात. याला साधारण ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मोजणीचा झोत असतो काही हजारांचा! म्हणजे जी प्रक्रिया पृष्ठभागाची खबर देते, तीच त्याला पोखरते. मग झोत मंद ठेवायचा, पसरवायचा, नोंद भराभर उरकायची.

भार साचू नये म्हणून रुटाइलचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका रूपाचा) स्फटिक निर्वातात तापवण्याची रीत आहे. त्याने तो निळा पडतो आणि वीजवाहक होतो. निळा का? त्यातला थोडा ऑक्सिजन आधीच निघून गेलेला असतो.