मोबाइल डेटाचा मीटर कुठे असतो?

विजेचा मीटर जिन्याखाली असतो आणि त्याचा आकडा आपल्याला केव्हाही जाऊन वाचता येतो. मोबाइल डेटाचा मीटर ग्राहकाच्या घरात नसतो आणि त्याच्या फोनमध्येही नसतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसणारा वापराचा आकडा ही फोनने स्वतःपुरती ठेवलेली नोंद असते. ज्या मोजणीवर पैसे वळते होतात, ती कंपनीच्या यंत्रणेत, टॉवरच्याही पलीकडे होत असते. 'काही न वापरताच नेट संपले' ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याने काही वापरलेले नसते, पण त्याच्या फोनने वापरलेले असते, आणि मीटरला हा फरक कळत नाही.

हा मीटर नेमके काय मोजतो, ते आधी पाहू. इंटरनेटवरून जाणारी कोणतीही गोष्ट, मग ती बातमी असो, गाणे असो की लग्नाची पत्रिका, लहान लहान तुकडे करूनच पाठवली जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि एका पॅकेटची कमाल लांबी साधारणपणे १५०० बाइट असते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, तुकड्याचा क्रमांक असा मजकूर असतो आणि तो बहुधा ४० ते ६० बाइट जागा घेतो. टपालाचे वजन करताना पाकिटासकट करतात, तसेच इथेही होते: आतला ऐवज आणि वरचे वेष्टन दोन्ही मोजले जातात. फोनकडे येणारी पॅकेटे मोजली जातात, तशीच फोनकडून जाणारीही. फोटो पाठवणे म्हणजे डेटा 'देणे' आहे, 'घेणे' नाही, म्हणून त्याला पैसे पडत नाहीत, असा समज अनेकांच्या मनात असतो; तो चुकीचा आहे.

टॉवरकडून निघालेली सगळी पॅकेटे कंपनीच्या जाळ्यातून एका प्रवेशद्वारापाशी येतात आणि तिथून बाहेरच्या इंटरनेटवर जातात. मोजणी होते ती या दारावर. ग्राहकाच्या खात्यात किती डेटा उरला आहे हे दुसऱ्या एका संगणकाला ठाऊक असते. दारावरची यंत्रणा त्याच्याकडून थोडा थोडा डेटा मागून घेते, तो वापरला गेला की पुन्हा मागते, आणि खाते रिकामे झाले की वेग कमी करते किंवा दार बंद करते. मोजणी दारावर होत असल्यामुळे एक बारीकशी गोष्ट घडते. समजा, खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली आणि दारातून बाहेर पडलेले एखादे पॅकेट फोनपर्यंत पोहोचलेच नाही, तर पाठवणारा संगणक ते पुन्हा पाठवतो. दारातून ते दोनदा गेले, म्हणून दोनदा मोजले गेले. फोनला मात्र ते एकदाच मिळाले. फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा यांत थोडी तफावत राहते, त्याचे हे एक कारण आहे. टॉवर आणि फोन यांच्यातल्या हवेत होणारी पुनरावृत्ती मात्र दाराच्या अलीकडची असल्याने ती ग्राहकाच्या माथी पडत नाही.

तफावतीचे दुसरे कारण साध्या गणितात आहे. एक जीबी म्हणजे १००० एमबी धरायचे की १०२४, याबाबत सगळे एकसारखे हिशोब करत नाहीत. हजाराच्या हिशोबाने एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, तर १०२४ च्या हिशोबाने १०७ कोटींहून जास्त. दीड जीबीच्या योजनेत हा फरक सुमारे ११० एमबीचा होतो. याहून मोठा घोटाळा बिट आणि बाइट यांच्यात होतो. वेग सांगताना बिट वापरतात आणि साठा सांगताना बाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून '१०० एमबीपीएस' वेगाच्या जोडणीवर एका सेकंदाला १०० नव्हे, जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. तरीही एवढा वेग सलग मिळाला, तर दीड जीबीचा दिवसभराचा साठा दोन मिनिटांत संपेल.

दीड जीबी हे मुळात किती असते? आपल्या मराठीपासूनच सुरुवात करू. रोमन लिपीतले एक अक्षर साठवायला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरली जातात. 'नमस्कार' या शब्दात अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट झाले. तिप्पट जागा ऐकून कुणी धास्तावू नये. पानाला १५०० चिन्हे धरली, तर तीनशे पानांचे मराठी पुस्तक १३ लाख ५० हजार बाइटमध्ये, म्हणजे दीड एमबीहूनही कमी जागेत बसते. एका दिवसाच्या दीड जीबीत अशी अकराशे पुस्तके मावतील. मजकूर वाचून किंवा लिहून कुणाचाही डेटा संपत नाही. आईवडिलांनी मुलांना मोठमोठे संदेश लिहायला अजिबात संकोच करू नये.

डेटा खातो तो व्हिडिओ. फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर एका चौकटीला ६२ लाख २० हजार ८०० बाइट लागतात, आणि सेकंदाला अशा २५ चौकटी सरकतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी. हा व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला, तर दीड जीबी दहा सेकंदही पुरणार नाही. प्रत्यक्षात आपण त्याच दीड जीबीत चाळीसेक मिनिटे पाहू शकतो, आणि ही करामत आकुंचनाच्या तंत्राची आहे. एका चौकटीकडून पुढच्या चौकटीकडे जाताना जे बदलले तेवढेच पाठवायचे, आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, हे त्यामागचे मुख्य सूत्र. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत तासभर तशीच असते, त्यामुळे तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. उलट धो धो पाऊस, गुलालाची उधळण, चेंडू सीमेपार जाताच उसळलेले प्रेक्षक या दृश्यांत प्रत्येक ठिपका बदलत असतो आणि डेटा भराभर लागतो. सेकंदाला सरासरी पाच मेगाबिट, म्हणजे मूळ चित्राच्या सुमारे अडीचशेवा हिस्सा, एवढ्यात फुल एचडी भागते. तोच व्हिडिओ ४८० च्या दर्जावर पाहिला, तर एक मेगाबिटच्या आसपास पुरतो आणि दीड जीबी तीन तासांवर टिकते. तळहाताएवढ्या पडद्यावर या दोहोंतला फरक शोधूनच काढावा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वर ठेवला, की ॲप जोडणीचा वेग पाहून दर्जा ठरवते. साठा किती उरला आहे याची त्याला कल्पना नसते. नेट जितके वेगवान, तितका दर्जा वर जातो आणि तितका डेटा लवकर संपतो. नवा फोन घेतल्यावर 'हा फोन जास्त नेट खातो' असे लोक म्हणतात, त्यात म्हणूनच तथ्य असते.

माझ्या आईचा रोजचा डेटा गेल्या वर्षी सलग तीन दिवस सकाळी सातच्या आत संपत होता. 'मी तर फोनला हातही लावला नाही रे,' असे ती प्रत्येक वेळी सांगे, आणि तिच्या बोलण्यात कसली तरी अपराधी छटा असे, जणू आपल्या हातून काही चुकीचे बटण दाबले गेले आहे. तिच्याजवळ बसून सेटिंग्जमधली ॲपनिहाय यादी उघडली, तेव्हा सगळ्यात वर फोटोंची बॅकअप घेणारे ॲप होते आणि त्याचा जवळजवळ सगळा वापर 'बॅकग्राउंड' या सदरात होता. भाचीच्या साखरपुड्यात आईने हौसेने लांबलचक व्हिडिओ काढले होते. फोनने काढलेला फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला सतरा मेगाबिटच्या आसपास असतो. आठ मिनिटांचे चित्रण म्हणजे एक जीबी. बॅकअप 'फक्त वायफायवर' ठेवायचे राहून गेले होते. दिवसाचा साठा मध्यरात्री बारा वाजता नव्याने मिळतो. तो मिळताच ॲपने आदल्या दिवशी अडलेले काम पुढे सुरू केले, आणि आई उठेपर्यंत दिवस संपल्यात जमा झाला होता. ती खरेच काही वापरत नव्हती. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर असेच घडते: लॅपटॉपला ते घरचे वायफाय वाटते आणि तो मोठमोठी अपडेट उतरवू लागतो. त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजून डेटा मिळणारी, अशी खूण करून ठेवली, की बहुतांश अपडेट थांबतात.

फोनवरचे साधे बोलणे ४जीवर डेटासारखेच पॅकेटांतून जाते, पण त्यासाठी जाळ्यात वेगळी वाट राखलेली असते आणि ते डेटाच्या साठ्यातून वजा होत नाही. ॲपवरून केलेला कॉल मात्र वजा होतो.

आता किमतीकडे वळू. ४जी येण्याआधी दर १० किलोबाइटला १० पैसे असा दर सर्रास असे. त्या दराने एक एमबीला १० रुपये पडत आणि एक जीबीला १० हजार. पॅक घेतला तरी २०१६ पूर्वी एक जीबी ३जी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्पर्धेत हे दर कोसळले. वस्तुतः कंपनीचा खर्च बाइटला धरून होतच नाही. टॉवर, वीज, तारा आणि स्पेक्ट्रम (म्हणजे सेवेसाठी घेतलेले रेडिओ लहरींचे पट्टे) यांचा खर्च पहाटे तीन वाजता कुणी नेट वापरत नसतानाही तेवढाच असतो. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम घेतला. टंचाई असते ती रात्री नऊच्या सुमाराला टॉवरच्या वेळेची. तीही सगळ्यांना सारखी नसते. टॉवरजवळच्या फोनशी बोलताना लहरीच्या एका स्पंदात आठ बिट भरता येतात, तर दरीतल्या वाडीवरच्या फोनला, संकेत क्षीण असल्याने, दोनच. एकच एमबी पोहोचवायला टॉवरला वाडीसाठी चौपटीहून जास्त वेळ द्यावा लागतो. दर मात्र दोघांनाही एकच असतो, आणि ते मला योग्य वाटते.

रोजच्या साठ्यातला उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो, हे मात्र मला पटत नाही. तांत्रिकदृष्ट्या उरलेला आकडा दुसऱ्या दिवसात मिळवणे कठीण नाही. सोमवारी शंभर एमबी वापरणाऱ्या आणि रविवारी नातवंडांशी दोन तास व्हिडिओवर बोलणाऱ्या माणसाला आठवडाभराचे पैसे भरूनही रविवारी नेट कमी पडते. ५जीवरचा 'अमर्याद' डेटा शक्य होतो, कारण तिथे काही कंपन्यांकडे लहरींचा शंभर मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आहे, तर ४जीचा एक पट्टा जास्तीत जास्त वीस मेगाहर्ट्झचा असतो. फोन ५जीच्या कक्षेतून ४जीवर उतरला, की रोजच्या साठ्याची मोजणी सुरू होते.

साठा संपल्यावर अनेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. या वेगाने तीन एमबीचा फोटो उतरायला सव्वासहा मिनिटे लागतात आणि एक जीबीला जवळजवळ पस्तीस तास. पण मजकुराचा संदेश लगेच जातो. मराठीतला पाचशे चिन्हांचा संदेश दीड हजार बाइटचा, म्हणजे सेकंदाच्या पाव भागाहूनही कमी. नेट संपले असे वाटून घाईने जादा पॅक मारण्याआधी हे आठवावे.

ज्यांना नेट नकोच, त्यांच्यासाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, १९२५ हा निःशुल्क क्रमांक ठेवला आहे. त्यावर 'स्टॉप' असा संदेश इंग्रजी अक्षरांत पाठवला, की डेटा कंपनीच्या दारावरच बंद होतो, आणि 'स्टार्ट' पाठवला की पुन्हा सुरू होतो. आईने तो बंद केला नाही. बॅकअप वायफायवर आणि व्हिडिओ ४८० वर ठेवला, तेव्हापासून निम्मा डेटा संपल्याचा संदेश तिला दुपारी चारच्या पुढे येतो. आला की ती तो मला वाचून दाखवते.