कॅलिफोर्नियात ठासणीच्या बंदुकीने शिकार: बिनशिशाच्या गोळीचा नियम, पात्रता आणि कागदपत्रे

कॅलिफोर्नियात बंदुकीने कोणताही वन्यप्राणी मारायचा असेल तर शिशाची गोळी चालत नाही. १ जुलै २०१९ पासून हा नियम राज्यभर लागू आहे. जमीन सरकारी असो की खासगी, समोर हरीण असो की पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर, नियम एकच. आपल्या कोकणात शेतराखणीला वापरतात तशी ठासणीची बंदूक तिकडे हौशी शिकारी आजही वापरतात. पण बंदूक जुन्या धाटणीची आहे म्हणून तिला सूट मिळत नाही. राज्याच्या शिकार नियमावलीच्या कलम २५०.१ मध्ये गोळीच्या व्याख्येत गोल गोळी, सॅबो (गोळीभोवतीचं वेष्टण), स्लग (एकच जाड गोळी) आणि छर्रे हे सगळं स्पष्ट नाव घेऊन आलं आहे.

यामागचं कारण आहे कॅलिफोर्निया कॉन्डर. साडेनऊ फुटांपर्यंत पंख पसरणारं हे गिधाड १९८२ मध्ये जेमतेम २२ उरलं होतं. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही प्रजननासाठी पकडावा लागला आणि १९९२ पासून पुन्हा पक्षी सोडायला सुरुवात झाली. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकून जातो. त्यात गोळीचे बारीक तुकडे राहिलेले असतात आणि कॉन्डर नेमकं तेच खातं. रानातल्या कॉन्डरच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. म्हणून २००८ मध्ये आधी कॉन्डरच्या वावराच्या प्रदेशात बंदी आली, २०१३ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने सगळ्या राज्यात नेली. ठासणीच्या बंदुकीची गोळी संथ जाते, तिचे तुकडे कमी होतात, हा शिकाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. पण कायदा वेगानुसार भेद करत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. गोळीच्या वेगाप्रमाणे सवलती दिल्या असत्या तर रानात तपासणी करणं अशक्य झालं असतं.

कोणती गोळी चालते

गोळीत वजनाने एक टक्क्यापेक्षा जास्त शिसे नको आणि ती राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने प्रमाणित केलेली हवी. दुकानदार 'तांब्याची आहे' म्हणाला, एवढ्यावर खरेदी करू नका. विभागाच्या संकेतस्थळावर प्रमाणित यादी असते. त्यात कंपनीचं नाव शोधा आणि गोळीचं रिकामं पाकीट जपून ठेवा. घरी शिसे वितळवून साच्यात गोळ्या पाडण्याची जी जुनी रीत आहे, ती शिकारीपुरती संपली. निशाणेबाजीच्या सरावासाठी मात्र शिसे वापरता येतं.

खरी अडचण बंदुकीत आहे. शिसे मऊ असल्यामुळे चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी गजाने सहज आत ठासता येते. तांबं कडक, आणि शिशापेक्षा हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि ती स्थिर उडायला नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचे पीळ दाट लागतात. नव्या बंदुकांत साधारण २८ इंचांत एक पूर्ण वेढा असतो. जुन्या घडणीच्या नळीत तोच वेढा ४८ किंवा ६६ इंचांत, तो गोल गोळीसाठी केलेला. अशा नळीतून लांब गोळी मारली तर ती हवेत डगमगते, आणि नेम चुकून जनावर जखमी होऊन निघून जातं. तेव्हा गोळी घेण्याआधी आपल्या नळीचा पीळ बघा. दाट पीळ असेल तर प्लास्टिकच्या सॅबोत बसवलेली तांब्याची गोळी घ्या. विरळ असेल तर बिस्मथसारख्या धातूची प्रमाणित गोल गोळी शोधा. दोन्ही प्रकारांत बंदुकीच्या दारूचं माप बदलावं लागतं, म्हणून हंगामाआधी निशाणेबाजीच्या रेंजवर झाडून बघाच.

मोठ्या जनावरासाठी बंदूक किमान .४० कॅलिबरची (नळीचा व्यास इंचात) हवी, एका वेळी एकच गोळी आणि काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय. फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेल्या हंगामात दुर्बीण चालत नाही, साधी किंवा पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) लागते. दृष्टिदोष असलेल्यांना वेगळा परवाना काढून सवलत मिळू शकते.

पात्रता आणि कागद

गोळीसाठी वेगळा अर्ज नाही, शिकारीचा परवाना मात्र लागतोच. त्यासाठी ओळखपत्र आणि शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र किंवा आधीचा परवानाही चालतो. राज्यात सलग सहा महिने राहिला असाल तर रहिवाशाच्या दराने परवाना मिळतो. विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी केली की 'गो आयडी' क्रमांक मिळतो; पुढे टॅग (मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची पट्टी), सोडत, अहवाल सगळं त्याच क्रमांकावर चालतं. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून.

हरणासाठी परवान्याशिवाय टॅग लागतो. ठासणीच्या बंदुकीच्या खास शिकारी 'एम' अक्षराने दाखवतात आणि त्यांचे टॅग सोडतीने मिळतात. सोडतीच्या अर्जाची मुदत २ जूनला संपते. रानडुकराला २०२४ च्या जुलैपासून टॅगऐवजी व्हॅलिडेशन, म्हणजे परवान्यावरची जादा मंजुरी, लागते.

एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांनी हा भाग नीट वाचावा. अशा व्हिसाधारकांना बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीतला शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. म्हणजे ३० जूनला परवाना संपला आणि नूतनीकरण राहिलं, तर बंदूक घरात असतानाच तुम्ही गुन्ह्याच्या कक्षेत येता. ठासणीच्या काही बंदुका त्या कायद्यात 'अँटिक', म्हणजे पुरातन, म्हणून वगळल्या आहेत, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे स्वतःच ठरवू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही.

रानात जाताना

परवाना, टॅग आणि ओळखपत्र अंगावर ठेवा. वॉर्डनने, म्हणजे वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याने, मागितलं की हे कागद आणि बंदूक दाखवावी लागते. एक गोष्ट हमखास निसटते. शिकार करताना शिशाची गोळी झाडली नाही, पण ती झाडता येईल अशी बंदूक आणि गोळी दोन्ही जवळ असतील, तरी नियमभंग होतो. मागच्या सरावातल्या दोन-चार शिशाच्या गोळ्या पिशवीच्या कप्प्यात राहतात आणि दंड होतो. निघण्याआधी पिशवी उलटी करून झटका. दंड पहिल्या वेळी ५०० डॉलर, पुढच्या वेळी १,००० ते ५,००० डॉलर.

हरीण पडलं की टॅग लगेच भरून जनावराला बांधायचा आणि अधिकृत व्यक्तीची प्रतिस्वाक्षरी घ्यायची. शिकारीचा अहवाल ३० दिवसांत किंवा ३१ जानेवारीपर्यंत, यातलं जे आधी येईल तेव्हा भरायचा. काहीच मिळालं नाही तरी तो ३१ जानेवारीपर्यंत भरावाच लागतो.