आग्रा रोडवरचे साडेतेरा मीटर

धुळ्यात आग्रा रोडवरच्या कोंडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "रस्ता रुंद करा भो, मंग गर्दी आपोआप कमी व्हई." माझं मत नेमकं उलटं आहे. बाजारातल्या पाचकंदील चौकाच्या आसपास गाड्यांची जागा कमी करावी आणि ती पायी चालणाऱ्यांना द्यावी. हे ऐकून लोक चमकतात, म्हणून आधी थोडं शाळेतलं गणित.

समजा, तुमच्यासमोर साडेतेरा मीटरवर लोटगाडीआडून एक मूल रस्त्यावर आलं. ते दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात गाडी मूळ वेगानेच धावत असते. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी करतो. ब्रेक लागल्यावरचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या मंदनाची (वेग घटण्याच्या दराची) दुप्पट, इथे ५ मीटर. एकूण १३.३ मीटर. गाडी मुलाच्या अलीकडे वीतभर अंतरावर थांबली.

आता वेग ५० धरा. पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर गेले. म्हणजे ३० वाली गाडी जिथे उभी राहिली, तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाच नाही! मुलाला पूर्ण ५० ची धडक बसते. मधला ४० चा वेग घेतला तर विचार करण्यात ११.१ मीटर जातात, ब्रेकसाठी २.४ उरतात आणि वर्गमूळ काढलं की धडकेचा वेग येतो सुमारे ३४. दहाने वेग वाढला, तर धडक शून्यावरून थेट ३४ वर गेली. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० ची ऊर्जा ३० च्या २.८ पट. जर्मनीतल्या अपघातांच्या नोंदींवरून २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात ५० च्या धडकेत पादचारी दगावण्याचा धोका ३० च्या पाचपटीहून जास्त निघाला. "हा रस्ता बळी मागतो" म्हणत वळणावर नारळ फोडणाऱ्यांनी एकदा हा वर्ग करून बघावा. गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीने मंदन वाढत नाही.

दिवसा कोंडीत ५० ने कोण जातं, हा प्रश्न रास्त आहे. पण दुकानं बंद झाल्यावर तोच रस्ता मोकळा होतो. धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या रेषेत आखलेल्या आहेत. समोर लांबवर सरळ, रुंद, रिकामा रस्ता दिसला की हात आपसूक ॲक्सिलरेटर पिळतो. वेगमर्यादेची पाटी तेव्हा कुणी वाचत नाही. म्हणून रस्त्याचा आकारच बदलायचा: मार्गिका साडेतीनऐवजी तीन मीटरची, चौकातला कोपरा आखूड त्रिज्येचा, म्हणजे वळताना वेग मोडावाच लागतो, आणि ओलांडायच्या जागी फुटपाथ दोन्हीकडून पुढे आणलेला. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला बारा मीटर रस्ता ओलांडायला दहा सेकंद लागतात. तो सात मीटर झाला की सहाच्या आत काम होतं.

गतिरोधकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझा लाडका विषय. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठासाठी असे उंचवटे आखले होते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनेही १९८८ मध्ये माप ठरवून दिलं होतं: गोलाई १७ मीटर त्रिज्येची, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ओलांडायचा वेग ताशी २५. आपल्या गल्लीतला डांबराचा फूटभर रुंद ढीग मात्र उलटंच काम करतो. तो वेगात ओलांडला तर चाक झटकन वर-खाली होतं, धक्का स्प्रिंग पचवते आणि आतल्या माणसाला तो कमी जाणवतो. हळू जाणाऱ्याचंच कंबरडं मोडतं. रुंद उंचवट्यावर सगळी गाडीच उचलली जाते, म्हणून तिथे वेगवानालाच शिक्षा. माथा सपाट करून त्यावरच झेब्रा पट्टे आखले तर म्हातारी माणसं फुटपाथवरून न उतरता पलीकडे जातात. डोळ्यांना फसवणाऱ्या त्रिमितीय पट्ट्यांचे फोटो मोबाइलवर फिरत असतात, पण रोजच्या चालकाला ती फसवणूक लवकरच पाठ होते.

वेळ वाया जाईल म्हणणाऱ्यांसाठी: एक किलोमीटरला ५० ने ७२ सेकंद लागतात, ३० ने १२०. फरक ४८ सेकंदांचा, आणि तोही वाटेत कुठेच थांबला नाहीत तर. बाजारात तो चौकातच संपतो.

दुकानदारांची खरी अडचण वेगळी आहे, माल उतरवायची. त्यासाठी पार्किंगच्या पट्ट्यातली काही जागा सकाळच्या टेम्पोंसाठी राखता येते, आणि लोटगाड्यांना वाढवलेल्या फुटपाथवर आखून जागा देता येते, फक्त चालायला किमान १.८ मीटर मोकळे सोडून. उंचावलेल्या झेब्र्याच्या दोन्ही कडांना मात्र पाण्याला वाट ठेवायलाच हवी. नाहीतर पहिल्याच पावसात तिथे डबकं साचेल, आणि लोक पुन्हा गाड्यांमधून चालू लागतील.