दिवस सोळा तासांचा झालेला नाही

गणपतीला गावी गेलं की आत्या म्हणते, "मेल्या, आता तर आलेलास, वर्ष झालं पण?" आणि मग फोनवरचा तोच मेसेज दाखवते: शुमान लहरींचा वेग वाढलाय, म्हणून दिवस १६ तासांचा झालाय. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे.

दिवस आखडला असता तर आधी आमच्या खाडीवर कळलं असतं. मासेमार आजही तिथीची पाऊणपट करून भरती काढतात. पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दोन भरत्यांमध्ये घड्याळाने साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी ५० मिनिटं उशिरा चढतं. कालवं काढणाऱ्या बायकांचा हा हिशोब चुकलेला नाही.

शुमान लहरी खऱ्या आहेत. विजांमुळे जमीन आणि वरचं विद्युतभारित वातावरण यांच्या मधे त्या घुमतात, सेकंदाला सुमारे ७.८ वेळा. हा आकडा मुख्यतः पृथ्वीच्या घेरावर ठरतो. दिवसाच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. उलट भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला जेमतेम दोन मिलिसेकंदांनी लांबतोच आहे.

वर्ष भुर्रकन गेलं असं आत्याला वाटतं, ते मात्र खोटं नाही. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, सत्तरीत सत्तरावा. शिवाय नवं काही घडलं की आठवणी दाट होतात. पहिल्यांदा खाडीत पोहलो तो मे महिना मला अजून दिवसागणिक आठवतो. गेल्या वर्षीचा मे कुठे गेला, सांगता येत नाही.